कोमट पाणी

केळझरपलीकडची गिट्टीखदान बंद पडली. कंपनीनं खड्डा माती-मुरुमानं बुजवला आणि त्यावरून जुना नाला पुन्हा वाहता केल्याचं कळवलं. ते तपासायला डिसेंबरातल्या एका सकाळी सरकारी अभियंता रक्षा आली.

गाव तिचं आजोळ. आई गेल्यावर हरिदासमामानंच तिला वाढवलं, शिकवलं. खदानीनं नाला गिळला तेव्हा मोर्चात सगळ्यांत पुढे तोच होता.

नाला खळखळत होता. काठावर गावकरी जमले होते. "आला ना बाई आपला नाला!" मामा म्हणाला. रक्षाचे डोळे भरून आले. पाण्याचा वेग मोजायला लाकडी गोळा सोडावा म्हणून ती वाकली, आणि हात पाण्यात तसाच राहिला.

पाणी कोमट होतं. थंडीत सकाळचं नाल्याचं पाणी बोटं कापतं. कोमट असतं ते विहिरीचं. आणि वरच्या अंगाला विहीर एकच होती. मामाची.

ती उठून तिकडं चालू लागली.

"तिकडं काऊन चालली? काटे हायेत," म्हणत मामा मागोमाग आला.

तुरीआड मोटार घरघरत होती. जाड पाइप नाल्यात पाणी ओकत होता.

"मामा, हे काय?"

मामा खांद्यावरचा दुपट्टा चाचपत राहिला. "अंकितले कामावर घेतो म्हणे कंपनीवाले. पोरगा घरीच बसून राह्यला ना. आजच्या दिवसापुरतं पाणी सोडा म्हणे."

"तपासाले मीच येणार, हे माहीत होतं तुमाले?"

"म्हणून तर हो म्हटलं. दुसरं कोणी असतं त भेव वाटलं असतं. तू त आपली हायेस."

रक्षानं मोटार बंद केली.

ती खाली परतली तोवर धार बारीक झाली होती. बघता बघता मुरुमानं उरलंसुरलं पाणी पिऊन टाकलं. "पाणी कुठं गेलं वं?" खालच्या शेतातल्या अनुसयाबाईंनी विचारलं.

"नाला वाहतच नव्हता, आजी. विहिरीचं पाणी होतं."

कुणाच्या, ते तिनं सांगितलं नाही. सगळ्यांच्या माना आपोआप मामाकडं वळल्या.

मामीनं स्वयंपाक करून ठेवला होता. रक्षा न जेवताच निघाली. कंपनीचा तिला राग आला नाही. त्यांच्याकडून तिची अपेक्षाच नव्हती. पण 'आपली' हा शब्द वर्ध्याला घरी पोचेपर्यंत तिला सलत राहिला.

पुढे कंपनीला नाला नव्यानं खोदावा लागला. अंकितला काही कामावर घेतलं नाही. मामाचा फोन आला नाही, रक्षानंही केला नाही.