मधला थर

भाग्यश्रीनं प्रियदर्शनीच्या डब्यात हात घालणं बंद केलं, त्याला महिना झाला होता. चार वर्षं दोघी खराडीच्या एकाच सॉफ्टवेअर कंपनीत, एकाच टीममध्ये, जेवायला शेजारी शेजारी. कुणाचा डबा कुणी संपवला याची शुद्ध नसायची. मग एका रविवारी भाग्यश्री पहिल्यांदाच येरवड्याला प्रियदर्शनीच्या घरी आली. आडनावावरून तोवर तिला काही कळलं नव्हतं. हॉलमधली बुद्धमूर्ती पाहिली, शेजारची बाबासाहेबांची तसबीर पाहिली, चहाला "आत्ताच घेतला गं" म्हणाली, आणि सोमवारपासून तिला आपल्याच डब्यातली भेंडी गोड लागायला लागली.

प्रियदर्शनीनं सरळच विचारलं. तेव्हा भाग्यश्री म्हणाली, "तुमच्याकडे अंडं चालतं ना? भांडी तीच असणार. बाकी काही नाही हं, मनाला लावून घेऊ नकोस."

बाकी काही नाही, असं माणूस केव्हा म्हणतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. प्रियदर्शनीलाही होतं. पण चार वर्षांची मैत्रीण गमवायची म्हटल्यावर शहाणी माणसंही वेड पांघरतात. तिनं ठरवलं, अडचण अंड्याची असेल तर अंडंच नको.

टीममधला माधव नुकताच अमेरिकेहून परतला होता. रिवाजाप्रमाणे त्यानं चॉकलेटबारची पिशवी टेबलावर उपडी केली होती आणि अख्खा मजला त्यावर तुटून पडला होता. प्रियदर्शनीच्या वाट्याचे डझनभर बार घरी पडून होते. ते घालून तिनं ब्राउनी करायला घेतल्या. त्यासाठी तिनं नवा ट्रे, नवं पातेलं, नवा चमचाही आणला.

"मग आईपण नवीच आणायचीस एखादी," तिची आई, सुंदराबाई म्हणाली. बाई आयुष्यभर नर्स होती, तिला कुणाची भीड नव्हती. तरी मैदा तिनंच चाळला, लोणी आणि चॉकलेट तिनंच वितळवलं, अंड्याऐवजी दही फेटून घातलं. निम्मं मिश्रण ट्रेमध्ये ओतलं, वर बार शेजारी शेजारी मांडले, त्यावर उरलेलं मिश्रण. ट्रे ओव्हनमध्ये गेला आणि ओटा आवरताना सुंदराबाईनं चष्मा लावून एक वेष्टण वाचलं. बारच्या आतल्या नुगामध्ये, म्हणजे त्या मऊ गोड थरात, अंड्याचा पांढरा बलक होता.

प्रियदर्शनीनं वेष्टण हातात घेऊन पुन्हा वाचलं. लपवता आलं असतं, पण ते तिच्या रक्तात नव्हतं. "सांगून टाकेन," ती म्हणाली. "बार काढून खा म्हणेन."

वडी मधे ओलसर राहावी म्हणून ट्रे जरा आधीच बाहेर काढला होता. दुसऱ्या दिवशी डबा उघडला तेव्हा वास सगळ्या टेबलावर पसरला. माधवनं मुकाट्यानं दोन उचलल्या.

"भाग्यश्री, ऐक," प्रियदर्शनी म्हणाली. "केकमध्ये अंडं नाही. भांडीही कोरी होती. फक्त मधल्या बारमध्ये अंडं आहे, मला उशिरा कळलं. तेवढा थर काढून बाकीचं खा. आईनं केलंय."

एका वडीसाठी इतकं अजिजीनं बोलावं लागतंय याचा तिला राग येत होता.

भाग्यश्रीनं वडी टिश्यूवर घेतली. चमच्यानं वरचा थर अलगद बाजूला केला, मधला बार उचलला, त्याला चिकटलेला केक नीट खरवडून काढला, आणि बार तोंडात टाकला. खालचा आणि वरचा थर टिश्यूत गुंडाळून तिनं ताटाच्या कडेला ठेवला.

"अगं, अंडं त्यातच होतं," प्रियदर्शनी म्हणाली.

"पॅक्ड असतं ना ते, चालतं," भाग्यश्री म्हणाली आणि बोटं पुसली. "मस्त झालंय पण! आईंना सांग हं माझ्याकडून."

प्रियदर्शनीनं डब्याचं झाकण लावलं.

"सांगते," ती म्हणाली. "तू काय खाल्लंस आणि काय ठेवलंस, दोन्ही सांगते."