शालीखालचे हात

आमच्या तुरुंगातल्या कडक पहाऱ्याच्या बराकीत तिला सगळ्याजणी राणीसाहेब म्हणायच्या, कारण ती कधी कुणाकडे काही मागत नसे. त्या सकाळी पहिल्यांदा तिनं माझ्याकडे मागितलं.

"मॅडम, आई शेवटच्या घटका मोजतेय. मी परदेशात नोकरीला आहे असं भावानं तिला सांगितलंय. भेटीपुरती बेडी काढाल?"

"नाही." मऊ लागलं म्हणून कोपरानं खणणाऱ्या बायका मी ढिगानं पाहिल्यात. बेडीचं एक कडं तिच्या डाव्या मनगटात आणि दुसरं माझ्या उजव्या, हा नियम. तो मी मोडला नाही. पण साहेबांशी हुज्जत घालून दोघींना साधे कपडे घालायची परवानगी काढली आणि दोघींच्या हातांवर माझी शाल टाकली.

दवाखान्याच्या जिन्यात ती म्हणाली, "तुम्ही माझी मैत्रीण. जरा हसरा चेहरा ठेवा."

"तेवढं मात्र माझ्याच्यानं व्हायचं नाही," मी म्हटलं.

आईनं डोळे उघडले. लेकीला डोळे भरून पाहिलं, मग शालीकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "काय गं, हिचा हात किती घट्ट धरलायस! पळून जाणारेय का ती?"

दारात उभा असलेला भाऊ पांढराफटक पडला. राणीसाहेब हसली, म्हणून मीही हसले.

"माझे केस विंचर बाई. या नर्सा नुसत्या ओढतात."

ती उशाशी टेकली आणि एका हातानं विंचरू लागली. गुंता काही निघेना. केस धरायला नकळत तिचा दुसरा हात वर गेला, त्याबरोबर माझाही ओढला गेला. शाल घसरली. बेडी खाटेच्या दांडीवर खणकन वाजली.

संपलं सगळं, मला वाटलं. चावी खाली गाडीतल्या शिपायाकडे होती. माझ्याकडे असती तर त्या क्षणी मी बेडी काढली असती, नोकरी गेली खड्ड्यात.

आईनं चाचपडत शाल ओढली, आमच्या हातांवर घातली आणि दोन्ही बाजूंनी नीट खोचली, झोपलेल्या लेकराला पांघरूण खोचतात तशी. मग लेकीला नाही, मला म्हणाली, "पोरी, ही लहानपणापासून अंधाराला घाबरते. सांगायची नाही कुणाला. तिकडे रात्री दिवा असतो ना गं?"

आमच्याकडे कोठड्यांतले दिवे कधीच मालवत नाहीत. त्या उजेडात झोप लागत नाही म्हणून बायका आम्हाला लाखोली वाहतात.

"रात्रभर असतो, आई," मी म्हटलं.

"मग बरं." तिनं मान लेकीकडे वळवली. "थांबलीस का? अजून गुंता आहे."

लेकीला समोरचं दिसत नव्हतं, इतकी ती रडत होती. तिनं पुन्हा दोन्ही हात वर केले, आणि मी माझा हात तिच्या हाताबरोबर जाऊ दिला.