जरा निवू द्या मला

मित्रांनो, मी एक जुना लूप आहे. नाव ऐकून गोंधळू नका. पेन्सिलीएवढी धातूची मूठ, तिच्या टोकाला नायक्रोमची बारीक तार आणि तारेच्या शेवटी मोहरीचा दाणा मावेल एवढा वेढा, एवढाच माझा देह. पुण्यातल्या एका कॉलेजात, मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये मी राहतो. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे नेऊन ठेवणे हे माझे काम.

कामाआधी मला बर्नरच्या ज्योतीत धरतात. मी लालबुंद होतो आणि अंगावरचे नको ते सगळे जळून जाते. मग मला निवू द्यायचे, नळीतले जिवाणू हलकेच टिपायचे, प्लेटमधल्या जेलीसारख्या अगारवर रेघा ओढायच्या आणि काम झाले की पुन्हा ज्योतीत घालायचे. कामाआधी चटके, कामानंतर चटके. असे आयुष्य वाट्याला आल्यावर स्वस्थपणा कुठून येणार? स्टँडमध्ये नुसता उभा असलो तरी मला चैन नसते. आता कोण उचलेल, घामट हात असेल की थरथरता, हाच घोर.

नवा होतो तेव्हा माझे फार कौतुक झाले. पहिल्या वर्षाची मुले मला अलगद धरत, माझ्यासोबत फोटोसुद्धा काढत. पुढे मूठ काळवंडली, वेढा वाकडा झाला आणि कौतुक नव्या सामानाकडे गेले. त्याचे मला काही वाटले नाही. कामाला होतो, तेवढे पुरे होते.

यंदा मी अफशीनच्या टेबलावर आलो. बुधवार पेठेत राहणारी ही मुलगी म्हणजे पायाला भिंगरी. डबा चालता चालता खायची आणि एका प्रश्नाचे उत्तर पुरते व्हायच्या आत दुसरा विचारायची. हा विषय तिने घरच्यांशी भांडून घेतला होता. तिची पहिलीच प्लेट मात्र हिरव्या बुरशीने भरून गेली. दीपमाला मॅडमनी ती उजेडात धरली.

"अफशीनबाई, आपण मायक्रोबायोलॉजीला आला आहात की मशरूमच्या शेतीला?"

वर्ग हसला. अफशीनही हसली, पण माझ्या मुठीवरची तिची बोटे घट्ट झाली. ते फक्त मला कळले.

त्या दिवसापासून तिने माझा पिच्छा पुरवला. लाल झालो तरी ज्योतीतून काढायची नाही. आणि काढले की क्षणभरही न थांबता थेट नळीत. थांबले तर तेवढ्यात हवेतले काहीतरी माझ्यावर येऊन बसेल, अशी धास्ती तिने घेतली होती. मॅडमनी 'तापवा, निववा, टिपा' हे सांगितलेले तिला तोंडपाठ होते. लाली गेली की मी निवलो, असे ती धरून चालली होती. मी आत शिरलो की बारीकसा चर्र आवाज व्हायचा, आणि मुलांच्या कुजबुजीत तो कुणाला ऐकू यायचा नाही. मित्रांनो, ज्यांना सांभाळून न्यायचे, त्यांनाच मी जाळत होतो. मला फार वाईट वाटायचे, पण सांगायला तोंड कुठे होते?

दुसऱ्या दिवशी प्लेट कोरी, काहीच उगवलेले नाही. पुढच्या वेळीही कोरी. शेजारच्या टेबलावरच्या गंधारने तिची प्लेट उलटसुलट करून पाहिली.

"तुझं लूप तापवणं तर एकदम परफेक्ट आहे यार. मग प्रॉब्लेम कुठेय?"

"माझ्यातच असेल," अफशीन म्हणाली. "प्रॅक्टिकलच्या परीक्षेतही कोरी आली ना, तर मी हा विषय सोडतेय. अब्बूंच्या दुकानात बसेन."

"अगं, पण तुलाच हवा होता ना हा?"

"हवा होता. जमत नाहीये पण."

ती गंमत करत नव्हती. मी तिच्या हातात होतो, त्यामुळे मला माहीत आहे.

परीक्षेच्या आदल्या दुपारी सराव करताना तिने मला इतके तापवले की जुनी, ठिसूळ झालेली तार मुठीजवळ तुटून पडली.

"छान," मॅडम म्हणाल्या. "आता काय, बोटानं उचलणार?"

"अब्बू बसवून देतील, मॅडम. हीटरमध्ये हीच तार असते, त्यांच्याकडे आहे."

"बघा बाई. परीक्षा उद्या सकाळी आहे, दिवाळीनंतर नाही."

अफशीनने मूठ स्पिरिटने पुसली, कागदात गुंडाळली आणि घेऊन निघाली. तार गेली, मूठ राहिली. आता मी मी उरलो की नाही, हे कोडे तुमच्यासाठी ठेवतो.

तिचे वडील, नासिरभाई, रेडिओ, मिक्सर, हीटर असे काय काय दुरुस्त करतात. दुकानात खिळ्याला नायक्रोमच्या तारांची वेटोळी टांगलेली होती. माझ्या जातीचा एवढा मोठा गोतावळा मी पहिल्यांदाच पाहिला. नासिरभाईंनी एक तुकडा सरळ केला, सुईच्या टोकाभोवती वळवून नाजूक वेढा केला आणि मुठीत कसून बसवला. मग मला टेबलावर ठेवून ते एका रेडिओकडे वळले.

"बेटा, ही वायर धर जरा. टाका मारतो."

अफशीनने वायर धरली. कथिल वितळले, धूर निघाला आणि लगेच तिने टाका बसला का ते बघायला वायर ओढली. सांधा सुटून हातात आला.

"किती ती घाई," नासिरभाई म्हणाले. "टाका निवू दे ना. लहानपणापासून सांगतोय."

"घट्ट झालेला दिसत होता, अब्बू."

"दिसत होता. होता का?"

त्यांनी पुन्हा टाका मारला. "आता नुसती धर. फुंकरही मारू नकोस."

तिचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता, पण हात स्थिर राहिला. कथिलाची चमक हळूहळू मंद झाली. अफशीन माझ्याकडे बघत राहिली.

"अब्बू, मी त्यांना जाळत होते."

"कोणाला?"

"माझ्या जिवाणूंना."

नासिरभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "मग नको जाळूस," ते म्हणाले आणि कामाला लागले.

परीक्षेच्या दिवशी ज्योत हलू नये म्हणून पंखे बंद होते. सगळ्यांना घामाच्या धारा लागल्या होत्या. अफशीनने मला लाल केले, बाहेर काढले आणि तशीच बर्नरजवळ धरून थांबली. आजूबाजूला रेघा ओढणे सुरूही झाले. गंधार वळून वळून बघत होता. खरे सांगायचे तर आता मलाही तिचीच जुनी धास्ती वाटू लागली. अंगावर काही येऊन बसले तर?

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. "अफशीनबाई, ध्यान लावलंत की काय?"

"निवतोय, मॅडम," ती मान न वळवता म्हणाली.

मग तिने मला अगारच्या रिकाम्या कडेला टेकवले. आवाज आला नाही. तेव्हा कुठे तिने मला नळीत नेले. जिवाणू माझ्या वेढ्यात बसले, जिवंत बसले, आणि मी त्यांना अलगद अगारवर उतरवले.

दुसऱ्या दिवशी तिने प्लेट उघडलीच नाही. डोळे मिटून मॅडमच्या हातात दिली. मॅडमनी ती उजेडात धरली. पहिल्या रेघा दाट होत्या, पुढच्या विरळ, आणि शेवटी रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या जिवाणूंच्या सुट्या सुट्या गोल वसाहती उगवल्या होत्या.

"बरं आहे," मॅडम म्हणाल्या. पुण्यात याहून मोठे कौतुक फारसे होत नाही. अफशीन विषय सोडून गेली नाही.

आता लॅबमध्ये प्लास्टिकचे लूप आले आहेत. पाकीट फोडा, वापरा, टाकून द्या. त्यांना तापवणे नाही आणि त्यांच्यासाठी थांबणेही नाही. मी बहुतेक वेळ खणात असतो. पण मित्रांनो, कधी मी तुमच्या हाती आलो, तर तापवायला बिचकू नका. मला त्याची सवय आहे. फक्त एवढे ऐका. लाली गेली की मी थंड दिसतो. आहे का, ते आधी कडेला टेकवून पाहा, आणि मगच मला एखाद्या जिवंत गोष्टीला लावा.