शंभर टक्के चार्ज केलेला लॅपटॉप

थोरल्या जावयांना या व्यवहारात सरळ पन्नास हजार सुटणार होते.

लॅपटॉप एक लाख चाळीस हजारांचा, दोन वर्षं वापरलेला, अंगावर ओरखडा नाही. खोट एकच: चार्जिंगचा पोर्ट सैल. केबल खोचली की ती घाईतल्या पाहुण्यासारखी जेमतेम टेकायची आणि निघायची. खाली दुमडलेलं व्हिजिटिंग कार्ड आणि वर स्टेपलर ठेवला तरच चार्जिंग व्हायचं, आणि तेवढा वेळ घरात टेबलाला कुणी धक्का लावायचा नाही असा दंडक होता. सर्व्हिस सेंटरवाल्याने पोर्टात डोकावायची तसदी न घेता सांगितलं, बोर्डच बदलावा लागेल, बावन्न हजार. जुन्या मालाचा दुकानदार वीस हजारांवर अडला, तेही तोंड वाकडं करून.

साडू सत्तर द्यायला तयार होते. सत्तरातून वीस गेले, उरले पन्नास.

"अहो, त्यांना सांगा तरी," बायको म्हणाली.

"काय सांगायचं? त्यांनी विचारलंय का?" थोरले इमारतींचे नकाशे काढत. जे नकाशात दाखवलं नाही ते बांधायची जबाबदारी आपली नाही, हे त्यांच्या धंद्याचं तत्त्व त्यांनी घरातही लागू केलं होतं.

साडू आणि धाकटी मेहुणी आले तेव्हा लॅपटॉप शंभर टक्के चार्ज होता आणि चार्जर खोक्यात बंद. थोरल्यांनी स्क्रीन दाखवली, कीबोर्ड दाखवला, आवाज ऐकवला. साडू प्रत्येक गोष्टीला "वा" म्हणत होते. धाकटी दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस. उघड्या तोंडात काय काय दडलेलं असतं हे तिला रोज दिसायचं. तिने नवऱ्याच्या "वा"वर भरवसा न ठेवता बहिणीला विचारलं.

"ताई, काही खोट-बिट नाही ना गं? आमची दोन वर्षांची शिल्लक आहे ही."

ताईने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा खोक्याला चिकटपट्टी लावत होता, आधीच्या चिकटपट्टीवर.

"नाही गं," ताई म्हणाली. "चांगला आहे."

त्याच आठवड्यात थोरल्यांनी त्या सत्तर हजारांत ऐंशी घालून दीड लाखाचा नवा लॅपटॉप आणला.

रविवारी धाकटी नवऱ्याला घेऊन हजर. तिने पर्समधून झाकणाची छोटी डबी काढली. दवाखान्यात पेशंटला पडलेला दात घरी न्यायला देतात, तसली.

"भावोजी, तुमची एक वस्तू आत राहिली होती."

डबीत दाबून दाबून चपटा झालेला निळ्या लोकरीचा बोळा होता, शेंगदाण्याच्या पाकळीएवढा.

"केबल बसेना," साडू उत्साहाने सांगू लागले. "मी तुम्हालाच फोन लावत होतो. ही म्हणाली, थांबा, आधी आत बघू. बंद केला, टॉर्च मारला, लाकडी काडीने हे सुटं केलं आणि दातांच्या फटीत फिरवायचा तो बारीक ब्रश फिरवला. आता केबल अशी बसते की ओढावी लागते!"

ताईने बोळा ओळखला. लॅपटॉपला लोकरीचं कव्हर तिनेच विणलं होतं. त्याचे तंतू आत जात राहिले आणि थोरले दोन वर्षं केबलने ते ठासत राहिले.

थोरल्यांनी डबीत डोकावलं. "म्हणजे पोर्ट सैल नव्हताच?"

"सैल?" धाकटी म्हणाली. "सैल आहे असं कोण म्हणालं?"

साडूंचा "वा" तोंडातच राहिला.

"नाही, म्हणजे..." थोरल्यांनी घसा साफ केला. "पसंत नसेल तर परत घेतो. सत्तरलाच. घरचाच व्यवहार आहे."

"छे हो, झकास चालतोय," साडू म्हणाले, पण बायकोकडे बघत.

धाकटीचं भावोजींकडे लक्षच नव्हतं. "ताई, मी तुला विचारलं होतं."

"हो," ताई म्हणाली.

"बरं," धाकटी म्हणाली आणि डबीचं झाकण लावलं.

पुढच्या महिन्यात ताईने आपलं शिलाई मशीन बहिणीला द्यायचं ठरवलं. फुकट. मशीन उत्तम होतं. धाकटी म्हणाली, "आधी चालवून दाखव." ताईने दोरा ओवला आणि तिच्यासमोर वीतभर शिवण घालून दाखवली. धाकटीने कापड उलटं करून खालचे टाकेही पाहिले, मग मशीन नेलं.

तर हिशेब असा. साडूंचे सत्तर हजार गेले आणि धडधाकट लॅपटॉप आला, फिटंफाट. धाकटीचा एक ब्रश खर्ची पडला, तोही दवाखान्याचा. थोरल्यांनी पदरचे ऐंशी हजार मोजले, आणि ते अजूनही लोकरीच्या खाती मांडतात. सत्तर वजा वीस या वजाबाकीत ताईचा आकडा कुठेच नव्हता. पण भरणा तिचा अजून चालू आहे. बहिणीला काहीही द्यायचं म्हटलं की आधी चालवून दाखवते.