पंचविसावी जागा

"अगं, हळू! त्यात दिवा आहे," डार्सी वरून ओरडली. लिनेटनं खोकं छातीशी घट्ट धरलं आणि तिसरा मजला चढायला घेतला. आयोवातला ऑगस्ट तो, अंगाची नुसती चिकचिक होत होती.

हे ऑनर्सवाल्यांचं वसतिगृह. कॉलेजात ऑनर्सचे अवघड कोर्स घेणारी पंचवीसच पोरं इथं राहणार. लिनेट पलीकडच्या साध्या इमारतीत. खरं तर मे महिन्यात तिलाही ऑनर्सचं बोलावणं आलं होतं. दुधाचा टँकर चालवणाऱ्या बापानं ते पत्र फ्रिजवर लावलं होतं. पण डार्सी, बालवाडीपासूनची मैत्रीण, रोज कान भरायची.

"वेड लागलंय का तुला? ऑनर्समध्ये मार्क कमी पडतात. सरासरी घसरली की शिष्यवृत्ती गेली. मग बस बापाबरोबर टँकर धूत! मी तर नाही बाई घेणार. आपण दोघी एका खोलीत राहू."

पंधरा दिवस घोळ घालून लिनेटनं 'नको'वर खूण केली. बापानं मात्र ते पत्र फ्रिजवरून काढलं नाही. आणि जुलैत डार्सी म्हणते कशी, "आईनं फार डोकं खाल्लं गं, घेतलं शेवटी ऑनर्स." लिनेटला तेही पटलं. भोळी ती भोळीच!

खोलीच्या दारावर, इथल्या रिवाजाप्रमाणे, रंगीत कागदावर नाव चिकटवलं होतं: डार्सी. त्याचा कोपरा उचकटला होता. खाली हिरवा कागद दिसत होता. लिनेटनं बोटानं वरचा कागद सारला. हिरव्यावर 'लिनेट' होतं.

"निघालं होय पुन्हा!" मजल्याची देखरेख करणारी ग्रेटा डिंकाची बाटली घेऊन आली. "आधी दुसरीच कुणी होती इथं, तिनं नाही म्हणून कळवलं. प्रतीक्षा यादीत डार्सी पहिली ना! काय चिकाटी पोरीची! अख्खा मे महिना दर दोन दिवसांनी ऑफिसात फोन, जागा सोडली का कुणी म्हणून."

लिनेटनं खोकं खाली ठेवलं, हळूच. डार्सी दारात येऊन उभी होती. लिनेट तिच्याकडे वळली.

"तू यादीत होतीस?"

"लिनेट, ऐक ना..."

"मला सांगायचंस. जागा हवीय म्हणायचंस."

"मग दिली असतीस?"

लिनेटनं विचार केला. अगदी खरोखर केला.

"नसती दिली. भांडलो असतो कडकडून. पण तू माझी मैत्रीण राहिली असतीस."

डार्सी रडायला लागली. लिनेटनं हिरवा कागद नखानं सोडवला.

"दे, टाकते मी कचऱ्यात," ग्रेटा म्हणाली.

"असू दे. माझं नाव आहे ते."

कागद दुमडू नये म्हणून तळहातावर धरून ती जिना उतरली. खाली गाडीत डार्सीची अजून दोन खोकी होती. लिनेट त्यांच्यापाशी थांबली नाही.