खुर्चीशेजारचा आवाज

आमच्या दातांच्या दवाखान्यात मोठे डॉक्टर दुपारी घरी गेले की त्यांचे जावई राज्य करतात. आम्ही आपसांत त्यांना जावईबापू म्हणतो. हात चांगला आहे त्यांचा, पण तो रिकामा झाला की मोबाइल सुटत नाही. त्या आठवड्यात त्यांना ऑनलाइन चाचण्यांचं खूळ लागलं होतं. एकीत चार वाक्यं बोलायची, की तुम्ही कुठल्या मुलखातले ते मोबाइल सांगणार. दुसरीत शाळेतले प्रश्न, तुम्ही आज सातवी पास व्हाल का म्हणून.

काउंटरवर मी बसते, त्यामुळे पहिला बकरा मीच. मग त्यांनी ताईंना गाठलं. ताई खुर्चीशेजारी लाळ ओढायची नळी धरतात आणि घाबरलेल्या पोरांशी बोलत राहतात, शब्दांची शेपटं लांबवत, गाणं म्हटल्यासारखं. त्या बोलण्यावरच पोरं तोंड उघडतात. मोबाइलने त्यांना डोंगरापलीकडचं ठरवलं आणि सातवीत नापास केलं. जावईबापूंनी दोन्ही निकाल, ताईंच्या आवाजासकट, दवाखान्याच्या ग्रुपवर टाकले. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. आपल्या ब्रशला दुसऱ्याच कुणाचा केस चिकटलेला दिसावा, तसं झालं मला.

त्यानंतर ताई खुर्चीपाशी बोलेनाशा झाल्या. पोरांना नुसते हातवारे करायच्या.

शुक्रवारी गाल सुजलेली एक मुलगी आली. दाढ त्याच दिवशी काढायला हवी होती. आत मागच्या वेळच्या ताई आहेत, एवढ्या एका भरवशावर आईने तिला आणलं होतं. पण खुर्चीत बसल्यावर तिने ओठ जे घट्ट मिटले, ते उघडेनात.

"बोला की ताई, तुमचं ते नेहमीचं," जावईबापू म्हणाले, आणि दाराशी उभ्या असलेल्या मला डोळा मारला.

ताई बोलल्या. "बाळा, कृपया तोंड उघड. काहीही होणार नाही." एकेक शब्द इस्त्री करून, घडी घालून ठेवल्यासारखा.

मुलगी रडायलाच लागली. "ही ती ताई नाही," असं आईला सांगू लागली.

जावईबापूंचा मास्क हसण्याने आतबाहेर होत होता. शिसारी आली मला.

ताईंनी नळी हुकाला अडकवली. "डॉक्टर, तुम्ही जरा बाहेर थांबा. तुमच्यासमोर नाही जमायचं मला."

ते हातमोजे घातलेले हात वर धरून माझ्या काउंटरपाशी येऊन उभे राहिले. कशालाच हात लावता येईना, मोबाइललासुद्धा. फार मनाला लावून घेतात ही माणसं, असं मला म्हणाले. मी काउंटरमागे जाऊन केसपेपर लावायला घेतले.

आतून ती लांबलेली शेपटं ऐकू यायला लागली. मुलीने काहीतरी विचारलं, ताईंनी ऐटीत उत्तर दिलं. जावईबापू कान देऊन होते, हसायच्या बेतात. तेवढ्यात दार उघडलं.

"या आता," ताई म्हणाल्या. "तिनं तोंड उघडलंय. तुम्ही तेवढं मिटून या."