भांग असेल तेव्हाच

धर्मेशने कल्पिताच्या हातातून फोन ओढून घेतला आणि अंगणात उभा राहून मोठ्याने वाचायला लागला.

“‘लेखिकेचा हात चांगला आहे, पण खेळणाऱ्यांची तिला जराही दया नाही. पान अकरावर आम्ही सव्वादोन तास अडकलो आणि शेवटी माझे चौघेही खेळाडू बुडाले.’ ताई, कोण आहे हा शाणा?”

“वेवजीचा आहे कुणी. सुदाम नाव आहे. खेळाच्या ग्रुपवर परीक्षण टाकलंय त्याने,” कल्पिता म्हणाली. “पुढे वाच.”

त्यांची आई देवकी दोरीवरचे बोंबील उलटत होती. हात चालू होते, पण कान इकडेच होते.

चार-पाच जण गोल करून बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली माणसं होतात. कुठे जायचं, कुणाशी लढायचं हे ते ठरवतात आणि जमलं की फसलं ते फासे सांगतात. अशा खेळासाठी कल्पिताने ‘खाडीतला बुरूज’ नावाची चाळीस पानांची मोहीम लिहिली होती. धाकट्या डहाणूत असला उद्योग आजवर कुणी केला नव्हता. नकाशे तिनेच काढले, स्टेशनजवळच्या प्रेसमधून शंभर प्रती छापून आणल्या आणि सात महिन्यांत त्या संपल्याही. कौतुकाला तर तोटाच नव्हता. कुणी ‘एक नंबर’ म्हणालं, कुणी ‘डहाणूचं नाव काढलंस’. एकदा तिने मैत्रिणीला, भाविनीला, सहज विचारलं, बुरुजात शेवटी कोण भेटलं गं?

“अगं, सगळेच भेटले!” भाविनी म्हणाली.

बुरुजात शेवटी कुणीच भेटत नाही. तो रिकामाच असतो, आणि तीच तर गोष्टीतली खरी गंमत.

कल्पिताने अर्ध्यावर आलेली दुसरी मोहीम तिथेच थांबवली. कुणी खेळतच नसेल तर लिहायचं कुणासाठी? गणपतीपर्यंत एका तरी माणसाने खेळल्याचं कळलं नाही, तर वह्या रद्दीत घालायच्या आणि हे खूळ डोक्यातून काढून टाकायचं, असं तिने ठरवलं होतं. गणपतीला आता बारा दिवस उरले होते.

“‘पहारेकऱ्याचा म्हातारा बाप सांगतो,’” धर्मेश पुढे वाचू लागला, “‘भांग असेल तेव्हाच बुरुजाकडे जा, नाहीतर मराल. आम्ही गोष्टीतल्या गावात घरोघर भांग शोधली. मनिषने देवळातल्या पुजाऱ्याला पटवायचा प्रयत्न केला. चिमीने तर केसांचा भांग पाडूनही बघितला. शेवटी मूठभर भांग मिळाली, ती पहारेकऱ्याला पाजली आणि होडी सोडली. होडी फुटली. का फुटली ते पुस्तिकेत कुठेच दिलेलं नाही. गोष्ट मी सांगत होतो, आणि मलाही कळलं नाही.’”

देवकीचे हात थांबले.

“भांग म्हणजे काय ते यांना माहीत नाय?”

“माहीत आहे, आई. ती प्यायची भांग माहीत आहे.”

खाडीकाठच्या पोराला भांग काय ते शिकवावं लागत नाही. अष्टमीच्या आसपास समुद्र आळसावतो, भरतीही बेताची आणि ओहोटीही बेताची, तो भांग. पुनवेला आणि अवसेला उधाण येतं, तेव्हा पाण्याची ओढ अशी असते की जुनेजाणते तांडेलही खडकांच्या वाटेला जात नाहीत, आणि गोष्टीतला बुरूज खडकांतच होता. कल्पिताने पुस्तिका चौदा वेळा तपासली होती. घरच्यांना, शेजाऱ्यांना, बोटीवरच्या दोघा-तिघांना वाचायला दिली होती. वेलांट्या दुरुस्त करून झाल्या, नकाशातलं दीपगृह हललं, पण त्या शब्दावर कुणाचंच बोट पडलं नाही. पडणार कसं? सगळे खाडीचेच.

“मी लिहितो याला खाली,” धर्मेश म्हणाला. “आधी समुद्र बघून ये म्हणावं!”

“काही लिहायचं नाही.”

तिने फोन परत घेतला आणि पायरीवर बसली. पान अकराचं वाक्य पुन्हा वाचलं, मग पुन्हा. चौघेही बुडाले. म्हणजे चौघे बसले होते. सव्वादोन तास डोकं लावून, वाद घालून, फासे टाकून, तिने रचलेल्या गावात घरोघर फिरले होते. कल्पिताचा जीव भांड्यात पडला. तिला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले, तेव्हा तिने मनगटाने ते पुसले, कारण बोटांना सकाळी दोरीवर घातलेल्या बोंबलांचा वास होता.

“एवढी नावं ठेवली त्याने, आणि तू हसतेस?” धर्मेशला काही कळेना.

“बाजारात जी बाई कल्ले उघडून बघते, बोटाने दाबते, नावं ठेवते, तीच घेऊन जाते,” देवकी म्हणाली. “‘छान आहे हां मासळी’ बोलणारी पुढे निघून जाते. तीस वर्षं बघतेय मी.”

कल्पिताने सुदामला मेसेज केला, भेटायला येऊ का? उत्तर यायला पूर्ण दिवस गेला. ‘या. रविवारी सुट्टी असते.’

रविवारी ती एसटीने तलासरीला आणि तिथून रिक्षाने वेवजीला गेली. सुदाम राज्याच्या हद्दीपलीकडे उंबरगावच्या एका कंपनीत पाळीवर जायचा. भाताच्या शेताला लागून त्याचं घर होतं. त्याने कल्पिताला खुर्ची दिली आणि स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला. मास्तरांनी पुढे बोलावलेल्या पोरासारखा त्याचा चेहरा होता.

“ताई, मी ते काढलं,” ती टेकते न टेकते तोच तो म्हणाला.

“काय काढलंत?”

“परीक्षण. कालच काढून टाकलं. मला वाटलं तुम्ही भांडायला येताय. मागे एकाने मला ग्रुपमधून काढलं, एकाने घाण शिव्या दिल्या. मी वाईट नाय लिहीत हो. जे झालं ते लिहितो.”

कल्पिताची मोहीम कुणी खेळलं, असं सांगणारा जगातला तेवढा एकच पुरावा होता आणि तो या भल्या माणसाने तिच्याच धाकाने पुसून टाकला होता.

“परत टाका.”

“जरा नरम करून टाकू?”

“आहे तसं टाका. एक शब्द कमी केलात तर खरंच भांडेन.”

आतून चहा घेऊन आलेली सुदामची बायको चिमी दारातच हसली.

“मी बोलत होती याला, नको काढू. ऐकतो कुठे?” कप पुढे करत तिने विचारलं, “पण ती भांग मग काय होती?”

कल्पिताने सगळं नीट सांगितलं, तिथीपासून ओढीपर्यंत. चिमीने कपाळावर हात मारला.

“म्हणजे पाणीच! आणि मी केस विंचरत बसली!”

तिघेही हसत सुटले. सुदाम एवढ्या वेळाने पहिल्यांदा खाली बसला.

“दुसरी कधी येते?” चिमीने विचारलं.

हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. कल्पिताने कप खाली ठेवला.

“अर्धी झालीय. पुरी झाली की छापायच्या आधी इथे आणते. तुम्ही खेळा आणि मला सांगा.”

“बुडालो तरी?”

“बुडालात तर आधी सांगा.”

सुदामने फोन काढला. जुना मजकूर त्याने पुसला नव्हता, नुसता दडवला होता.

“टाकू मग?”

“थांबा,” कल्पिता म्हणाली. “त्यात दोघांचीच नावं आहेत. चौघांची लिहा. कोणकोण बुडालं ते.”

सुदाम लिहू लागला. “चैत्या… मनिष… रघ्या…”

“माझं पहिलं लिही,” चिमी त्याच्या खांद्यावरून वाकून म्हणाली. “सगळ्यांच्या आधी मीच बुडाली.”